कमानीवर वचन, गेटला कुलूप: आमच्या मंडळीच्या कमिटीला खुलं पत्र

माननीय पाळकसाहेब, सेक्रेटरी, खजिनदार आणि कमिटीतले सगळे पंच बंधुभगिनी, प्रभू येशूच्या नावात सलाम.

मंडळीचं, म्हणजे आमच्या चर्चचं, नाव लिहीत नाही. साताऱ्यात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच, आणि बाकीच्यांनी आपापल्या मंडळीचं नाव घालून वाचलं तरी चालेल. हे असं सगळ्यांसमोर लिहायची मला हौस नाही, दोन अर्ज दिले होते हाताने लिहून, एकाचीही पोच मिळाली नाही, मग व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं तर दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फक्त ॲडमिनच लिहू शकेल असं करून टाकलंत. आता ॲडमिन आपले खजिनदारसाहेब, म्हणजे बोलायचं कुणी आणि ऐकायचं कुणी ते ठरलंच. म्हणून इथं लिहिते.

विषय तुम्हाला माहितीच आहे. मागच्या महिन्यातला ठराव. "सध्याचे वातावरण पाहता मंडळीच्या आवाराबाहेरील सर्व सुवार्ताकार्य पुढील सूचनेपर्यंत बंद ठेवावे, सुवार्ता निधी इमारत निधीत वर्ग करावा व कोरेगाव रोडवरील खोली भाड्याने द्यावी." सुवार्ताकार्य म्हणजे लोकांना येशूबद्दल सांगायचं काम. तीन ओळी, पाच मिनिटांत मंजूर, आणि त्यानंतर तासभर चर्चा कशावर तर नव्या कमानीला ग्रॅनाईट काळं लावायचं का लाल. कमान झाली, छान झाली, खोटं कशाला बोलू. वर सोनेरी अक्षरात बायबलातलं वचन, मत्तय 28:19, कोरलंय, जाऊन सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा. आणि त्याच कमानीखालच्या गेटला उपासना संपली की साडेअकराला कुलूप. मी त्या दिवशी कुलपाकडं बघत उभी राहिले आणि आधी मला हसूच आलं, घरी जाऊन मात्र जेवण गेलं नाही.

मी कोण ते नव्या मेंबरांसाठी सांगते. निवृत्त नर्स, वय 63. मिरजेत शिकले, मिशनच्या दवाखान्यात, तोच जो वानलेस साहेबांनी 1894 ला सुरू केला. आमच्या वेळी वॉर्डात सकाळी राऊंडच्या आधी छोटी प्रार्थना व्हायची, ज्याला नको त्यानं कूस बदलून झोपावं, कुणाचं इंजेक्शन त्यावाचून राहिलं नाही. ही माझी पहिली शाळा. दुसरी शाळा माझी आजी. आजी बायबलबाई होती. आताच्या पोरांना हा शब्दच माहीत नाही. मिशनकडून महिन्याला चार पैसे मिळायचे आणि त्यावर ती गावोगाव चालायची, लिंब, रहिमतपूर, अपशिंगे, नऊवारी लुगडं, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत शुभवर्तमानाची बारकी पुस्तकं. ती पुस्तकं फुकट द्यायची नाही, दोन पैसे घ्यायची. फुकट दिलं की त्याची मिरचीची पुडी होते म्हणायची. अपशिंग्याकडं घरटी एक माणूस फौजेत, दुसरं महायुद्ध चाललेलं, बायकांना वाचता येत नाही, तर आजी पोचली की चार बायका पदरातली पत्रं काढून बसायच्या. आधी पत्र वाचायचं. मग रडायचं, सगळ्यांनी मिळून. मग उत्तर लिहायचं, त्यात म्हशीपासून सासूपर्यंत सगळं. हे सगळं झाल्यावर कुणी विचारलं की बाई तुमच्या पिशवीत काय, तर सुवार्ता. नाही विचारलं तर पाणी पिऊन पुढच्या गावाला. मी तिला एकदा विचारलं, आजी, किती लोकांचा बाप्तिस्मा झाला गं तुझ्यामुळं? म्हणाली, मला काय माहीत, मी काय तलाठी आहे का नोंद ठेवायला.

हे एवढं लांबड यासाठी लावलं की तुम्ही बंद केलंत ते नेमकं काय हे आधी समजावं. तुम्ही एखादी मोहीम बंद केली नाही. तुम्ही एक खोली बंद केलीत, जिथं दर शनिवारी दुपारी आम्ही तिघी बायका आणि तरुण संघातली दोन पोरं बसायचो.

ती खोली मिशनच्या काळातली, कौलारू, मागं चिंचेचं झाड. दिवाळीच्या मागंपुढं ऊसतोडीच्या टोळ्या आल्या की शेजारच्या रानात कोप्या पडतात. बीडकडचे लोक जास्त. नवराबायको मिळून एक कोयता, पहाटे चारला फडात, आणि पोरं दिवसभर कोपीवर, मोठी पोर लहान पोराला सांभाळतीय, ती मोठी म्हणजे तरी केवढी, आठ वर्षांची. सहा हंगाम आम्ही त्या पोरांना शनिवारी गोळा केलं. मी आधी नखं, डोकं, कान बघायचे, कुणाला ताप, कुणाला खरूज, लस राहिली असेल तर सरकारी दवाखान्यात पाठवायचं. मग पाढे, बाराखडी. मग गाणं आणि एक गोष्ट, हरवलेल्या मेंढराची नाहीतर जखमी वाटसरूची. मग गूळ-शेंगदाणे. आईबापांना विचारून, मुकादमालाही सांगून. एका आईनं सांगितलं होतं की गोष्ट नको, पाढे चालतील, तर तिची पोरं गोष्टीच्या वेळी अंगणात खेळायची. (ती पोरं खिडकीतून ऐकायची ते सोडा, खिडकी मी लावून घेतली नाही एवढीच माझी चूक.)

आता तक्रारी. एकेक घेते.

पहिली वातावरणाची. वातावरण बिघडलंय हे मलाही कळतं, मी पेपर वाचते. गेल्या हंगामात चार पोरं मोटरसायकलवर आली होती, मोबाईल काढून शूटिंग करत विचारत होती, इथं धर्मांतर चालतं का, पोरामागं किती पैसे मिळतात. मी म्हणलं बसा, चहा घ्या. वही दाखवली, पोरांची नावं, वजनं, लसी, गोष्टीला बसवायला आईबापाची परवानगी. त्यातल्या एकाच्या आईचं बाळंतपण माझ्याच वॉर्डात झालेलं निघालं! चहा पिऊन गेली. जाताना एकजण म्हणाला, काकू, पण काही ठिकाणी चालतं असं. मी म्हणलं, चालत असेल, ते मलाही पटत नाही. एवढंच घडलं. कमिटीत मात्र ते "हल्ला होता होता वाचला" असं मांडलं गेलं, आणि ज्यांनी मांडलं ते त्या खोलीवर सहा वर्षांत एकदाही फिरकले नव्हते.

भीतीचंच म्हणाल तर हे काम सोप्या दिवसांत कधी सुरू झालं होतं? हॉल आणि नॉट हे दोघं अमेरिकन मिशनरी 1813 ला मुंबईत उतरले तेव्हा खुद्द कंपनी सरकारच त्यांना परत पाठवायला निघालं होतं, इंग्रजांना व्यापार हवा होता, मिशनरी नको होते. हॉल पुढं 1826 ला प्रवासातच पटकीनं गेले. आणि आपल्याला तर घटनेनंच कलम 25 दिलंय, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून आपला धर्म मानायचा, आचरायचा आणि त्याचा प्रसारही करायचा हक्क. माझा भाचा वकील आहे, तो लगेच म्हणतो मावशी पुढचंही सांग, 1977 ला सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क नव्हे. सांगते की. मला त्यात काहीच अडचण दिसत नाही. माणसाचं मन पालटणं हे काम माझं नव्हतंच कधी, आपल्या शिकवणीप्रमाणं ते पवित्र आत्म्याचं. माझं काम साक्ष द्यायचं. साक्षीदारानं पाहिलेलं सांगायचं आणि खाली उतरायचं, निकाल त्याच्या हातात नसतो.

दुसरी तक्रार जरा कडू आहे. मीटिंगमध्ये एका पंचांनी म्हणलेलं मला तिघांनी सांगितलं, "ती पोरं उद्या नाताळाला इथं येऊन बसतील, आपल्या पोरांच्यात मिसळतील, कोण कुठले." कोण कुठले! अहो, आपल्यातल्या निम्म्या घरांचे पणजोबा गावकुसाबाहेर राहात होते. विहिरीवर चढू देत नव्हते त्यांना. कुणीतरी सतरंजी टाकून बसा म्हणलं, पाटी दिली, दवाखान्यात हात लावून तपासलं, म्हणून आज आपली पोरं पुण्यात आयटीत आहेत आणि आपण ग्रॅनाईटचे रंग निवडतोय. कोर्नेल्य या यहूदी नसलेल्या रोमी अधिकाऱ्याच्या घरी जाऊन आल्यावर येशूचा शिष्य पेत्र याला यरुशलेमच्या लोकांनी हेच धरलं होतं ना, सुंता न झालेल्यांच्या घरी गेलास, त्यांच्यात जेवलास. प्रेषितांची कृत्ये, अकरावा अध्याय. तेव्हाच्या कमिटीनं निदान पेत्राचं ऐकून घेतलं आणि ऐकल्यावर गप्प बसून देवाचं गौरव केलं. आम्हाला तर बोलावलंच नाही.

तिसरी पैशाची, थोडक्यात. सुवार्ता निधीत लोकांनी त्याच नावानं पाकिटं टाकली. एक म्हातारी मेंबर पेन्शनमधले शंभर रुपये दरमहा त्या पाकिटात घालते, तिला विचारलंत का कमानीला चालतील का म्हणून? आणि त्याच बजेटमध्ये "मिशन सेमिनार, गोवा, तीन प्रतिनिधी" ही लाईन तशीच आहे. सेमिनारचा विषय म्हणे जगातल्या न पोचलेल्या जमाती. येशूनं क्रम सांगितला होता, यरुशलेम, यहूदीया, शोमरोन आणि मग पृथ्वीचा शेवट. शोमरोन म्हणजे यहूदी ज्यांना जवळ करत नव्हते त्या शेजाऱ्यांचा मुलूख. मधलं शोमरोन टाळून पुढं जायची गाडी अजून निघालेली नाही. आपलं शोमरोन कोरेगाव रोडला आहे, रिक्षानं वीस मिनिटं. आपलं शोमरोन एमआयडीसीतल्या पत्र्याच्या खोल्यांतही आहे, तिथं झारखंड-ओडिशाची पोरं राहतात, त्यातली काही जन्मानं ख्रिस्ती आहेत, दोघं नाताळाला गेटपर्यंत आली होती आणि पास नाही म्हणून वॉचमननं परत पाठवली. नाताळाला पास. यावर मी काय लिहू.

चौथी गोष्ट तुमच्या बाजूनंही आहे, म्हणून ती नीट ऐका. लोकांचा संशय हवेतून आलेला नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या ओळखीची एक बाई, शुगरची पेशंट, कुठल्याशा तंबूतल्या सभेला गेली, तिथल्या प्रचारकानं सांगितलं की विश्वास असेल तर इन्सुलिन कशाला, आणि हिनं बंद केलं. मला कळलं तेव्हा ती उलट्या करत पडलेली, शुगर चारशेच्या वर. देवाची कृपा की वेळेत दवाखान्यात पोचली. त्या रात्री मी त्या प्रचारकाला फोन करून जे बोलले ते प्रार्थनेत मोडत नाही. नोकरी लागेल, मूल होईल, कर्ज फिटेल असं सांगून जे बोलावतात ते सुवार्ता सांगत नाहीत, दुकान लावतात, आणि त्यांच्यामुळं आमच्यासारख्यांच्या गूळ-शेंगदाण्याकडंही लोक आमिष म्हणून बघतात. एक शिष्य मिळवायला समुद्र आणि जमीन पालथी घालणाऱ्या परूश्यांवर, म्हणजे त्या काळच्या कर्मठ यहूदी धर्मपुढाऱ्यांवर, येशूनं किती कडक शब्द वापरलेत ते मत्तय 23 मध्ये वाचा. तेव्हा तुम्हाला नियम करायचे असतील तर करा, मी पहिली सही करीन. पण तुम्ही नियम केलेच नाहीत, सरळ कुलूप लावलंत. दुकानदार आपले तंबू घेऊन फिरतायतच, बंद झाली ती फक्त पाढ्यांची खोली.

आणि साताऱ्यात राहून आपण हे करावं याचं मला जास्त लागतं. रेव्हरंड टिळक, म्हणजे कवी नारायण वामन टिळक, 1917 ला मिशनची नोकरी सोडून इथंच येऊन राहिले ना, ह्याच गावात. देवाचा दरबार नावाचा बंधुसंघ काढला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. तेव्हा मिशनच्या लोकांनाही ते पचलं नव्हतं. तुकोबाच्या पुलावरून आपण येशूकडं आलो असं सांगणारा माणूस, त्याला दुसऱ्याच्या देवाला नावं ठेवायची कधी गरज पडली नाही, आणि आपण त्यांचे अभंग दर रविवारी टाळ-पेटीवर म्हणतो. दोनच वर्षांत, 1919 ला, ते गेले. आपल्या मंडळीत फोटो आहे त्यांचा, कमिटीच्या खोलीत, बरोबर खजिनदारसाहेबांच्या खुर्चीच्या मागं. म्हणजे ठराव त्यांच्याच समोर झाला.

माझ्या शेजारच्या काकू माळकरी आहेत, दरवर्षी लोणंदला पालखीला जातात. आम्हा दोघींचं तीस वर्षांचं चाललंय, त्या विठ्ठलाचं सांगतात, मी येशूचं सांगते, कधी कधी आवाज चढतो आणि मग कुणीतरी चहा टाकतं. त्यांना मी चोरून कधी काही सांगितलं नाही आणि त्यांनाही मी काय मानते याचा कधी त्रास झाला नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात हेच लिहिलंय, आशेचं कारण कुणी विचारलं तर सांगायला तयार राहा, पण सौम्यतेनं आणि आदरानं. परवा त्याच काकूंनी मला विचारलं, "तुमची ती पोरांची शाळा बंद का केली गं? आमच्यातल्या कुणी त्रास दिला का?" मला सांगता येईना. म्हणजे काय सांगू, काकू, तुमच्यातल्या चौघांना चहा पाजून मी परत पाठवलं होतं, खोली आमच्याच माणसांनी बंद केली?

एवढं झाल्यावर मागण्या. फार नाहीत, आणि एकाही मागणीला मोठा पैसा लागत नाही.

ठराव मागं घ्या किंवा निदान आमसभेपुढं ठेवा, कमिटीला सगळं आवाराबाहेरचं काम परस्पर बंद करायचा अधिकार घटनेत कुठं दिलाय ते दाखवा, मी मंडळीच्या घटनेबद्दल बोलतेय. सुवार्ता निधीतले 1,40,000 रुपये परत त्याच नावाच्या खात्यात टाका, आणि कमानीला कमी पडत असतील तर कमानीसाठी वेगळी पाकिटं छापा, मीसुद्धा घालीन शंभर. खोली सिमेंटच्या गोडाऊनला द्यायचं चाललंय असं ऐकते, ते थांबवा. नाताळाचे पास बंद करा, जागा कमी पडली तर आम्ही म्हाताऱ्या बाहेर खुर्च्या टाकून बसू. महिन्यातनं एक रविवार दुपारी एमआयडीसीतल्या पोरांसाठी हिंदीत उपासना ठेवा, तरुण संघ तयार आहे, मी विचारलंय. गेट रविवारी संध्याकाळपर्यंत उघडं राहू दे.

आणि नियम लेखी करा, कमानीला नाही तर नोटीस बोर्डाला लावा म्हणजे पोलीस, पत्रकार, मोटरसायकलवाली पोरं, सगळ्यांना वाचता येतील. पैसा, धान्य, नोकरी यांच्या बदल्यात प्रार्थनेला बोलवायचं नाही. औषध बंद करा असं कुणीही कुणालाही सांगायचं नाही. दुसऱ्याच्या देवाबद्दल वाईट बोलायचं नाही. लहान मुलांना आईबापाच्या परवानगीशिवाय गोष्टीला बसवायचं नाही. कुणी बाप्तिस्मा मागितलाच तर घाई नाही, घरच्यांना माहीत असल्याशिवाय नाही, कायद्याची जी काय कागदपत्रं असतील ती पूर्ण करूनच. बाप्तिस्म्याचे आकडे अहवालात छापून मिरवायचे नाहीत. मसुदा मी आणि भाच्यानं लिहून ठेवलाय, दोन पानी आहे, मागाल तेव्हा देते.

हे सगळं तुम्हाला जमणार नसेल तर एकच करा, तसं उपासनेत उभं राहून सांगा, की आम्ही हे काम सोडलं. आणि मग कमानीवरचं वचन बदला. दुसरं कुठलंही चालेल, स्तोत्रं भरपूर आहेत.

पाळकसाहेब, तुमच्याबद्दल माझ्या मनात राग नाही, तुम्ही ठरावाला हात वर केला नाही हेही मला कळलंय. पण खालीही बघत बसलात.

टोळ्या यायला अजून दीड महिना आहे. सतरंजी, पाट्या आणि वजनकाटा माझ्या घरी आहे, वजनकाट्याचे सेल बदलून ठेवलेत. खोलीची जुनी किल्ली माझ्याकडं होती, पण तुम्ही कुलूप बदललंय. नवी किल्ली कुणाकडून घ्यायची तेवढं कळवा, रविवारी मी उपासनेनंतर चिंगूबाईंच्या बाकाजवळ थांबते.

आपलीच एक जुनी मेंबर,
निवृत्त नर्स, सातारा